वीस मिनिटं उशिरा

पहिल्या गावातलं स्टेशन आता आइस्क्रीमचं दुकान आहे.
तिकीटखिडकीतून कोन बाहेर येतो,
सुटे पैसे अजून त्याच पितळी खळग्यात पडतात.
मी फॉर्मवर लिहिते: छप्पर ठीक. खिडक्या बदललेल्या.
मूळ अवस्थेत आहे का? नाही.

दुसऱ्या गावात स्टेशन नाहीच.
पाण्याची लाकडी टाकी आहे, चार पायांवर,
सोंड रुळांच्या बाजूला वळलेली.
रूळ उपटून तिथं सायकलींची वाट केली
त्याला वीस वर्षं झाली,
टाकीला कुणी सांगितलं नसावं.
मूळ अवस्थेत? होय. गळते.

सरकार मला यासाठी पगार देतं:
सुपीरियरच्या काठाकाठानं गाडी हाकायची,
जुनं ते खरंच जुनं आहे का बघायचं.
डाव्या हाताला दिवसभर पाणी.
तळं म्हणतात त्याला,
पण पलीकडचा काठ मी नकाशातच पाहिलाय.

तिसरं गाव लून बे.
स्टेशनची किल्ली आइली हापालांकडे असते,
लोकरीच्या मोज्यात,
मोजा परसातल्या सौनाच्या खुंटीला.
वय चौऱ्याऐंशी. फलाटाच्या पायऱ्या माझ्याआधी चढतात.
'बाबा इथं स्टेशनमास्तर,' म्हणतात,
आणि 'होते' म्हणत नाहीत.

आत कोळशाचा वास, उंदरांचा वास.
बाकाला मध्येमध्ये लोखंडी हात,
कुणी आडवं होऊ नये म्हणून.
हेरिंगची पिंपं जोखायचा काटा, गंजून एका बाजूला कललेला.
घड्याळ कंपनीनं काढून नेलं,
भिंतीवर त्याचा गोल तेवढा राहिला,
बाकी भिंतीपेक्षा तरुण.

आणि दारामागे पाटी. काळी. खडूनं:
गाडी नंबर सात. वीस मिनिटं उशिरा.

जानेवारी एकसष्ट. खिंडीत बर्फ.
गाडी खिंडीतूनच मागे नेली,
वसंतात पत्र आलं, मार्ग बंद.
पाटी पुसा, असं पत्रात कुठं नव्हतं,
आणि बाबा नियमाचा माणूस.

दर मे महिन्यात शाळेची पोरं येतात.
एकानं विचारलं, ती आलीच तर तिकीट कुणाकडे काढायचं?
आइलीबाई म्हणाल्या, माझ्याकडे. सुटे आण.

मी पाटीचा फोटो काढते. पेनाचं टोपण काढते.
'लिहिण्याआधी ऐका,' त्या म्हणतात.
'गेल्या ऑगस्टात साफसफाईला एक मुलगा ठेवला होता.
चांगला मुलगा. फारच चांगला.
ओल्या फडक्यानं सगळं लख्ख केलं त्यानं.'

मग बराच वेळ काट्याकडे बघत राहतात,
जणू त्यावर कुणी काही ठेवलंय.

'बाबा सातच्या आकड्याला आडवी रेघ मारायचे.
मीही मारली. पण माझा हात कापतो.
त्यांचा कापत नसे.'

मी वाकून बघते. रेघ डगमगते खरी,
कोवळ्या बर्फावरून कुणी चाललंय तशी.

'त्याला बोलला नाहीत?'
'त्याला ठाऊकच नाही.
मागच्या आठवड्यात आईला घेऊन आला होता,
त्यानंच दाखवली तिला पाटी.'

फॉर्मवर दोन चौकोन आहेत, होय आणि नाही.
तिसरा आमच्या खात्याला परवडत नाही.

गाडीत बसून हीटर लावते.
आइलीबाई कुलूप घालतात, ओढून बघतात,
मोज्यात किल्ली टाकतात,
आणि वळण्याआधी एकदा डावीकडे बघतात,
रूळ जिथून यायचे तिकडे,
रस्ता ओलांडताना आपण बघतो तसं.

मीही बघते.
बर्च, वाळलेलं गवत, एक पिवळी सायकल.

पेन गारठलंय, उठत नाही.
काखेत धरून बसते थोडा वेळ.
चौथं गाव चाळीस मैलांवर,
तिथलं दीपगृह म्हणे विकायला काढलंय.